पुन्हा पुन्हा जळणारा रेझिस्टन्स : भाजीच्या व्हॅनमधल्या हीटर पंख्याचं प्रकरण

गाडी बंद बॉडीची डिझेल व्हॅन, केए-२२ पासिंगची. १२ व्होल्टची वायरिंग, एसी नाही, हीटर मात्र मुळातलाच. ड्रायव्हरच्या पाठीमागचं पार्टिशन अर्धंच, त्यामुळं पुढची केबिन आणि मागचा माल एकाच हवेत. रोजचं काम म्हणजे रात्री बेळगावच्या मार्केटात भाजी भरायची आणि पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी करत, चोर्ला घाट उतरून उजाडायच्या आत गोव्यातलं साखळी गाव गाठायचं. तक्रार एवढीच, की हीटरचा पंखा चौथ्या नंबरावर चालतो, पहिल्या तिन्हींवर हलतही नाही.

एवढं ऐकलं की धंद्यातला कुणीही बॉनेट न उघडता सांगेल, रेझिस्टन्स गेलाय, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा तारेचा पार्ट. चार नंबरांच्या साध्या ब्लोअरमध्ये, म्हणजे हीटरच्या पंख्यात, पहिले तीन नंबर रेझिस्टन्सच्या तारेतून जातात आणि चौथा तिला वळसा घालून थेट. म्हणजे चौथा चालतोय याचा अर्थ मोटर जिवंत, फ्यूज ठीक, रिले ठीक. उडालाय तो रेझिस्टन्सवरचा थर्मल फ्यूज, जास्त तापलं की तुटणारा. ग्लोव्ह बॉक्स काढा, दोन स्क्रू खोला, नवा बसवा, पैसे घ्या.

मालक म्हणाले, "तेच तर केलंय. पावसाच्या तोंडावर नवा टाकला. त्याच्या आधी गेल्या साली पण टाकलावता. टिकेनाच झालाय बघा."

हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते यामुळं. एकच पार्ट दोनदा बदलून तिसऱ्यांदा जळतो तेव्हा त्याला जाळणारा दुसराच कुणीतरी असतो, आणि तो सापडेपर्यंत नवा रेझिस्टन्स टाकणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाची होळी.

आधी एक सांगायला हवं. बेळगावात हीटर कशाला, असं बाहेरचा माणूस विचारतो. साडेसातशे मीटर उंचीवरचं गाव, पहाटे गारठा असतो, पण स्वेटर घातला की भागतं. इथं हीटर लागतो तो जून ते सप्टेंबर, आणि अंगासाठी नव्हे, काचेसाठी. जांबोटी सोडली की पाऊस वाढत जातो आणि कणकुंबीला, जिथं मलप्रभेचा उगम आहे, तिथं तर पाऊस आणि ढग यांतला फरकच राहत नाही. त्यात मागं मेथी, कोथिंबीर, पालक यांच्या पाणी मारलेल्या जुड्या आणि भिजलेली पोती. त्या सगळ्याची वाफ केबिनमध्ये येते आणि जी गोष्ट सगळ्यात गार तिच्यावर बसते. ती गोष्ट म्हणजे समोरची काच. गाडी चालवणारे मामा पंचवीसेक वर्षं त्या रस्त्यावर आहेत. ते म्हणाले, "एका हातात स्टेरिंग, दुसऱ्या हातात फडकं. वळणावर समोरनं लाईट आली की नुसतं पांढरं. रस्ता कुठं न् कठडा कुठं, काय कळत नाही."

तेव्हा हे आरामाचं काम नव्हतं, ब्रेकच्या कामाइतक्याच गांभीर्यानं घ्यायचं होतं.

मीटर बाहेर काढायच्या आधी मामांना तीन गोष्टी विचारल्या. जळका वास येतो का? येतो, पंखा बराच वेळ चालला की प्लॅस्टिक जळाल्यासारखा. आवाज येतो का? सकाळी पहिल्यांदा लावला की चिरचिर करतो, नंतर थांबतो. आणि डाव्या बाजूला पायाशी ओल असते का? यावर मामा क्लीनरकडं बघून हसले. त्या पोराच्या चपला पावसाळाभर ओल्याच असतात आणि सगळे समजत होते की पाणी दरवाजाच्या रबरातून येतं. या तीन उत्तरांतच निम्मं निदान होतं. पण अंदाजावर मोटर बदलायची म्हटलं तर मालकांनी का म्हणून खर्च करावा? आकडा दाखवायला हवा.

रेझिस्टन्सचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग, काढला. पाच पिनांपैकी चार पांढऱ्या स्वच्छ, पाचवी चॉकलेटी पडलेली आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक वितळून एका बाजूला ओघळलेलं. ही कॉमन पिन. या गाडीत पॉझिटिव्ह थेट मोटरला जातो आणि नंबर बदलतात ते अर्थच्या बाजूला. मोटरकडून परत येणारी वायर रेझिस्टन्सच्या याच पिनेवर येते आणि इथूनच फाटे फुटतात, तीन तारेतून आणि चौथा थेट स्विचला. म्हणजे नंबर कुठलाही असो, पूर्ण करंट या एका पिनेतून जाणार. नवा रेझिस्टन्स दोनदा आला, कपलर मात्र जुनाच राहिला. वितळलेल्या कपलरात नवा पार्ट खुपसून दिला की पिनेची पकड सैलच राहते.

आता मोजमाप. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घ्यावा लागतो. बाजारात मिळणारे बरेचसे स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात, त्यांना गाडीच्या वायरवर लावलं तर शून्य दिसतं आणि माणूस सगळं ठीक समजतो. इंजिन चालू, बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पंखा चौथ्यावर. करंट २३ अँपिअर. मालकांची याच मॉडेलची दुसरी व्हॅन बाहेर उभी होती, तिचा करंट चौथ्यावरच १६. फरक बोलका होता.

मग व्होल्टेज कुठं गळतंय ते पाहिलं. याला वायर तोडायची गरज नाही. लोड चालू ठेवायचा आणि मीटरच्या दोन्ही सुया एकाच जोडाच्या अलीकडं-पलीकडं लावायच्या, जे व्होल्ट दिसतील ते त्या जोडानं खाल्लेले. मोटरच्या दोन टोकांवर ११.९ मिळत होते, म्हणजे वाटेत २ व्होल्ट गायब. फ्यूज, रिले आणि पॉझिटिव्हची लांब वायर मिळून ०.५, स्विच आणि अर्थिंगला ०.२, आणि एकट्या कॉमन पिनेवर १.३. तेवीस गुणिले एक पूर्णांक तीन म्हणजे सुमारे ३० वॅट. नखाएवढ्या पिनेवर तेवढी उष्णता म्हणजे प्लॅस्टिकच्या कपलरात सोल्डरिंगचा आयर्न खुपसून तो रात्रभर चालू ठेवण्यासारखं.

मग वायरिंगचा मुख्य फ्यूज का उडाला नाही, असं मालकांनी विचारलं, आणि प्रश्न योग्य होता. तो फ्यूज ३० अँपिअरचा आहे, झाकणावर लिहिल्याप्रमाणंच. २३ ला तो उडणार नाही आणि उडायलाही नको. फ्यूज असतो वायर जळू नये म्हणून. मोटर दमलीय की नाही, हे त्याला कळत नाही. या गाडीत कुणी फ्यूजच्या जागी तार गुंडाळली नव्हती, हे नशीबच म्हणायचं. आमच्याकडं येणाऱ्या गाड्यांत ते दृश्य काही दुर्मीळ नाही.

पण कॉमन पिन तापल्यानं कपलर वितळतो, थर्मल फ्यूज का उडतो हे त्यानं पूर्ण उलगडत नाही. म्हणून शेल्फातला एक जुना चालू रेझिस्टन्स तात्पुरता जोडला आणि पंखा पहिल्या नंबरावर लावला. पहिल्या नंबरासाठी तारेचा रोध साधारण २ ओहम. दुसऱ्या व्हॅनमध्ये पहिल्यावर ४ अँपिअर होते, म्हणजे तारेत जाणारी उष्णता चारचा वर्ग गुणिले दोन, ३२ वॅट. या गाडीत करंट साडेपाच. गुणाकार करा, ६० वॅट. जवळजवळ दुप्पट. आणि रेझिस्टन्स मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, पंख्याच्याच वाऱ्यानं तो गार राहावा म्हणून. इथं पंखा इतका मंद फिरत होता की जाळीवर धरलेला कागद हलेना. उष्णता दुप्पट आणि वारा नावाला. अशा वेळी थर्मल फ्यूज तुटला तर त्याला दोष कसा द्यायचा? त्याचं कामच ते. तो तुटला नसता तर पुढं डॅशबोर्डच्या आत काय झालं असतं, ते बोलायला नको.

करंट जास्त का, याची दोन कारणं लोक सांगतात आणि त्यातलं एक चुकीचं आहे. पुष्कळजण म्हणतात, हवेची वाट तुंबली की मोटरवर जोर येतो आणि ती जास्त करंट ओढते. या पिंजऱ्यासारख्या गोल पंख्यात उलटं होतं. वाट बंद केली की पंखा हवा ढकलतच नाही, नुसता फिरतो, आणि करंट कमी होतो. मालकांना ते दाखवलं. दुसऱ्या व्हॅनच्या जाळ्यांवर आम्ही पोत्याची घडी दाबून धरली तेव्हा मीटर १६ वरून १३ वर उतरला आणि पंख्याचा आवाज चढला. म्हणून नियम सोपा. करंट कमी आणि तरी रेझिस्टन्स जळतोय तर हवा तुंबलीय. करंट जास्त असेल तर मोटर स्वतःच कुठंतरी अडकतेय, बुशात (शाफ्ट ज्या कडीत फिरतो तिच्यात) नाहीतर पंखा घासून. आपली गाडी दुसऱ्या प्रकारातली.

मोटर खाली उतरवली. ग्लोव्ह बॉक्सखाली तीन स्क्रू आणि एक छोटी रबरी नळी, एवढंच. हातात घेऊन पंख्याला बोटानं टिचकी दिली. चांगली मोटर दोन-चार फेरे आरामात फिरत राहते. ही अर्ध्या फेऱ्यात थांबली आणि दर वेळी एकाच जागी. पिंजऱ्याच्या पात्यांमध्ये तांबडी माती आणि पाला यांचा लगदा वाळून बसला होता, एका बाजूला जास्त. त्यामुळं तोल गेलेला पंखा बुशाला रोज ठोकत होता. मोटर उघडली तेव्हा खालचं बुश कोरडं ठाक, शाफ्टवर गंजाची कडी, कार्बन झिजून स्प्रिंगच्या शेवटच्या वळणाशी आलेले आणि कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन ज्याच्यावर घासतात त्या तांब्याच्या भागावर, नख अडकेल एवढी खाच. चिरचिर आवाज त्या बुशाचा. तापल्यावर थांबायचा, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

माती समजली, आमच्या भागात ती सगळीकडं शिरते. पण गंज? मोटरच्या घरात खालच्या अंगाला पाण्याची पांढरी रेघ होती, म्हणजे तिथं पाणी साचून वाळत होतं. हवा आत येते ती वायपरखालच्या जाळीतून. त्या जाळीखाली एक पन्हाळ असते आणि तिला दोन्ही टोकांना भोकं, पावसाचं पाणी चाकाच्या मागं खाली पडावं म्हणून. या गाडीला केबिन फिल्टर नाहीच, त्यामुळं पन्हाळीतून पुढं गेलेलं सगळं सरळ ब्लोअरमध्ये. वायपर काढून जाळी उचलली. डाव्या बाजूची पन्हाळ काठोकाठ भरलेली.

"गाडी कुठं लावता, मामा?"

"घरासमोर. चिंचेखाली. सावली असती की."

चिंचेचा पाला इतका बारीक की कुठलीही जाळी त्याला अडवत नाही. उन्हाळ्यात तो आत गळत राहतो, पहिल्या पावसात भिजून त्याचा थर होतो आणि भोक बुजतं. मग पाणी चढत चढत ब्लोअरच्या तोंडाशी येतं आणि आत उतरतं. मोटरवर थोडं, क्लीनरच्या चपलांवर उरलेलं. फणस किंवा आंब्याचं पान असतं तर जाळीवरच दिसलं असतं.

कारणांची साखळी आता उलट वाचता येते. चिंचेचा पाला, बुजलेलं भोक, मोटरमध्ये पाणी, गंजलेलं बुश, जड फिरणारी मोटर, चढलेला करंट, एकीकडं वितळलेली पिन आणि दुसरीकडं उडालेला थर्मल फ्यूज. गिऱ्हाईक दोनदा पैसे मोजत होतं ते शेवटच्या कडीसाठी.

दुरुस्तीत एका गोष्टीवर थोडी घासाघीस झाली. मालकांचं म्हणणं, उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर नवं बुश काढून घेऊ, कम्युटेटर घासून घेऊ, कार्बन टाकू, मोटर नव्यासारखी. उद्यमबागच्या कारागिरांच्या हाताबद्दल माझं दुमत नाही, त्यांनी याहून अवघड कामं केली आहेत. पण हे बुश सच्छिद्र ब्राँझचं असतं, तेल पोटात धरून ठेवणारं. साध्या गनमेटलच्या तुकड्यातून काढलेलं बुश मापाला बरोबर बसेल, तेल मात्र धरणार नाही, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. वरून तेल सोडण्याचा उपाय तर त्याहून वाईट, कारण तेल धूळ धरतं आणि कार्बनवर उतरलं की चिखल करतं. शाफ्टच गंजलेला होता, तेव्हा पूर्ण मोटर पंख्यासकट नवी घ्यायची ठरली. बेळगावात ती शिल्लक नव्हती, कोल्हापूरहून दुसऱ्या दिवशी आली.

कपलर नवा, पिना नव्या, वायरचा जळका भाग मागं ताजं तांबं लागेपर्यंत कापला. वायर तापून काळी पडलेली असेल तर पिन कितीही घट्ट दाबा, जोड पुन्हा तापणार. नवा तुकडा २.५ चौरस मिलिमीटरचा. पीळ देऊन टेप गुंडाळणं या जागी चालत नाही. पिन योग्य पक्कडीनं दाबूनच बसवायची. रेझिस्टन्स नवा. पन्हाळ बोटांनी उकरून, मग पाण्यानं धुतली आणि तांब्यानं काचेच्या बुडाशी पाणी ओतून पाहिलं. दोन्ही चाकांमागं धार पडली तेव्हाच जाळी बसवली. जाळीच्या आतल्या अंगाला बारीक स्टीलची जाळी रिव्हेट केली, चिंचेसाठी. ती दर उन्हाळ्याअखेर झाडावी लागेल, नाहीतर ती स्वतःच तुंबेल, हे मामांना बजावलं.

चौथ्यावर करंट १५, कॉमन पिनेवर गळती ०.१ व्होल्ट. पहिल्या नंबरावर पंखा बराच वेळ चालू ठेवून कपलर हातानं चाचपला, कोमट सुद्धा नव्हता.

गाडी गेली, आणि चार दिवसांनी मामांचा फोन. वारं झकास येतंय, पण काच पूर्ण निवळत नाही, विशेषतः घाट उतरताना. बिघाड एकच असतो असं थोडंच आहे! वारा गरम आहे का विचारलं तर म्हणाले, "कोमट."

गाडी पुन्हा आणून इंजिन तपासलं तर थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्हच, जागेवर नाही. कधीतरी गाडी तापली असेल आणि कुणीतरी तो काढून टाकला असेल. आपल्याकडं हा रामबाण समजला जातो. थर्मोस्टॅट नसला की कूलंट सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरतो, पावसाळी रात्री इंजिन धड तापत नाही आणि हीटरला द्यायला उष्णताच उरत नाही. त्यातून डिझेल इंजिन, आणि उतार. घाट उतरताना ॲक्सिलरेटरवर पाय नसतो, इंजिन डिझेल जाळत नाही, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ते गार पडतं. साधारण ८२ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट बसवला आणि रेडिएटरचा पंखा, कूलंट, नळ्या पाहून घेतल्या, म्हणजे मूळ तापण्याचं कारण लपून राहायला नको. तसं काही सापडलं नाही.

आणि एक सवय बदलावी लागली. हवेचा दांडा कायम 'आतली हवा' वर असायचा. पुढच्या ट्रकचा धूर येतो म्हणून मामा तो तसाच ठेवत. ओल्या मेथीची वाफ केबिनमध्येच फिरवत राहिलं तर कितीही पंखा लावा, काच भरणारच. पावसात दांडा बाहेरच्या हवेवर, वाऱ्याची दिशा काचेवर, तापमान पूर्ण गरमवर आणि मागची एक काच बोटभर उघडी. बाहेर पाऊस असतानाही हे चालतं, कारण बाहेरची गार हवा तापवली की तिची ओल धरायची ताकद वाढते आणि ती काचेवरचं पाणी उचलून नेते. मामांना हे पटायला वेळ लागला. पाऊस बाहेर आहे तर बाहेरची हवा आत कशाला, असा त्यांचा हिशोब. एका फेरीनंतर पटलं.

खाली गोव्यातल्या केरीच्या बाजूला उतरल्यावर मात्र कधी कधी काच बाहेरून भरते, कारण वरची गार काच खालच्या दमट उकाड्यात जाते. काचेवर आतून बोट फिरवायचं, रेघ उमटली नाही तर धुकं बाहेर आहे. तिथं वायपर मारायचा, हीटरला शिव्या द्यायच्या नाहीत.

मालकांची दुसरी व्हॅन, जिच्यावर आम्ही आकडे ताडून पाहिले, तिचीही जाळी त्याच वेळी उचलली. तीही त्याच चिंचेखाली उभी असते. पन्हाळ अर्धी भरलेली, भोक अजून उघडं होतं. साफ करून दिली. तिची मोटर बदलली नाही. १६ अँपिअर ठीक आहे, पण नव्या मोटरच्या १५ पेक्षा एकानं जास्त आहे, म्हणून दिवाळीनंतर पुन्हा मोजायचं ठरलंय.